सगळं विरघळवणारं पाणी

मागच्या आठवड्यात नववीतल्या एका मुलाने मोबाइलवर फिरत आलेला मजकूर मला दाखवला. "सर, जगातली कुठलीही वस्तू विरघळवणारं 'अल्काहेस्ट' मुसलमानांनी शोधलं होतं. नावच बघा ना, 'अल्' ने सुरू होतं!" त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून लगेच 'नाही' म्हणवेना. पण मास्तरकी करतो, तर खोटं तसंच सोडून कसं चालेल?

हा शब्द अरबी नाही. तो लिहिला स्वित्झर्लंडच्या पॅरासेल्सस (१४९३-१५४१) या वैद्याने, तोही यकृताच्या औषधासाठी. त्या काळी युरोपात किमयेची विद्या अरबीतून लॅटिनमध्ये आलेली होती. 'अल्केमी', 'अल्कली' हे शब्द विद्वानांच्या तोंडी होते. नव्या शब्दाला 'अल्' लावला की त्याला वजन येत असणार. पुढे ब्रुसेल्सच्या व्हान हेल्मोंटने (१५८०-१६४४) त्यालाच सार्वत्रिक द्रावक ठरवलं. कुठलाही पदार्थ त्यात टाकला की तो आपल्या मूळ रूपात जातो आणि द्रावक मात्र जसाच्या तसा राहतो, असं त्याचं म्हणणं. अनेकांनी त्यापायी आयुष्यं घालवली. मग योहान कुंकेल या जर्मन रसायनज्ञाने साधा प्रश्न विचारला: हे सगळंच विरघळवतं, तर ठेवायचं कशात? 'सगळं खोटं आहे' अशा अर्थाच्या जर्मन शब्दांतून हे नाव आलं असावं, अशी थट्टाही त्याने केली.

मग आपलं काय? आपलं पुष्कळ आहे, आणि ते खरं आहे. अबू बक्र अल्-राझीने (मृत्यू ९२५) 'किताब अल्-अस्रार' मध्ये पदार्थांची वर्गवारी केली, भट्ट्या आणि भांड्यांची यादी दिली, पदार्थ विरघळवणाऱ्या 'तिखट पाण्यां'च्या कृती लिहिल्या. त्याने वापरलेला नवसागर आजही कल्हईवाल्याकडे मिळतो. मराठीतली 'किमया' अरबीतूनच आली. उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगतो, साखर पाण्यात 'हल' होते आणि गणितही 'हल' होतं. शब्द एकच. गुंता सुटणं आणि विरघळणं ही त्या भाषेला एकच क्रिया वाटली.

सराफाकडचं तेजाब बघा. चांदी मिसळलेलं सोनं शुद्ध करताना चांदी त्यात विरघळते आणि सोनं मागे राहतं. तेजाबाने सोनंही विरघळवलं असतं, तर सराफाला त्याचा उपयोग काय? सोनं विरघळवणारं आम्लराज आहेच, पण तेही काचेच्या भांड्यात मुकाट राहतं. काच खाणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल प्लास्टिकच्या बाटलीत राहतं. पाण्याला आपण वर्गात 'वैश्विक द्रावक' म्हणतो, पण तेलापुढे तेही हात टेकतं.

आमचं जुन्नर एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होतं. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती इथूनच. दफ्तर आलं की कागद लागणारच. पुढे मोडी दफ्तरांतही जुन्नरी कागदाचं नाव राहिलं. हा कागद करणारे 'कागदी' मुसलमान. हातकागदाची रीत अशी: जुनी तरटं, दोरखंडं चुन्यात भिजवायची, कुटायची, वाहत्या पाण्यात धुवायची, पुन्हा कुटायची. चुना धाग्यांना चिकटलेला चीक आणि मळ सोडवतो, धागा ठेवतो. धागाही विरघळला असता तर हाती नुसतं गढूळ पाणी उरलं असतं. चुना किती दिवस ठेवायचा आणि कधी धुऊन टाकायचा, हेच त्या कारागिरांचं इल्म. त्यांची नावं कुठल्याही फिरत्या मजकुरात नसतात.

मला वाटतं, इतिहास वाचणंही चुन्यासारखं हवं. खोटं सुटून जावं, खरं हाती राहावं. आपल्यावर रोज आरोप होतात म्हणून मिळेल ती फुशारकी छातीला लावावीशी वाटते, हे मला कळतं. पण उद्या कुणी तपासलं आणि एक दावा खोटा निघाला, तर लोक अल्-राझीलाही त्यातच मोजतील. नुकसान आपलंच.

मुलाला हे सगळं सांगितलं. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "सर, तो मजकूर मी चार जणांना पाठवलाय."

"मग चौघांना हेही पाठव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला आणि त्याने विचारलं, "जुन्नरी कागद बघायला मिळेल का?"