आरोग्य-संशोधन अनुदान : जोयड्यातील लघुउद्योगांची पूर्वतयारी

गोव्याच्या सीमेला लागून असलेला जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपा, कंदमुळांसाठी ओळखला जातो. कुणबी कुटुंबांनी परसात जोपासलेल्या कंदांचे पीठ करून पाकिटावर ‘मधुमेहींना हितकर’ असे छापण्याचा मोह लघुउद्योजकाला होणे स्वाभाविक आहे. हा दावा पुराव्याने सिद्ध करावयाचा, तर शासकीय संशोधन-निधी हा एक मार्ग आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2012 मध्ये स्थापन केलेली ‘बायरॅक’ ही संस्था ‘बिग’ योजनेतून 18 महिन्यांसाठी कमाल 50 लाख रुपये देते. बंगळुरूचे ‘सी-कॅम्प’ व पुण्याचे ‘व्हेंचर सेंटर’ तिचे भागीदार आहेत.

हा पैसा गिरणी वा गोदाम उभारण्यासाठी नव्हे. कल्पना खरी ठरते का, हे तपासण्यासाठी आहे. म्हणून आधी प्रश्न नेमका करावा: कोणता कंद, कशाच्या तुलनेत, रक्तशर्करा कमी वाढवतो? प्रत्येक खेपेची जात, शेत व काढणीची तारीख नोंदवलेली वही इथे ताळेबंदाइतकीच मोलाची ठरते. माणसांवर चाचणी करावयाची असल्यास नीतिसमितीची पूर्वमान्यता अनिवार्य.

जोयड्यात आणखी एक पेच आहे. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. तेथील रानकंद आणि परसातील कंद कायद्याच्या दृष्टीने एक नव्हेत. शिवाय हे वाण जपले ते कुणब्यांनी. जैवविविधता कायदा, 2002 लाभाच्या न्याय्य वाटणीचे तत्त्व मांडतो. उत्पादकांशी लेखी करार अर्जाआधीच व्हावा, निधी मंजूर झाल्यावर नव्हे.