कपाळावरची सुंठ आणि पिवळा बाम

गेल्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत आमची एक ताई कपाळ पदराने आवळून बसली होती. हप्त्यांचा हिशोब चालू असतानाच तिने कनवटीची पुडी सोडून गोळी गिळली. "रोजच घेते की. त्याशिवाय काम उरकत नाही," म्हणाली. तेव्हा आम्ही गटातल्या म्हाताऱ्यांना विचारत सुटलो, तुमच्या वेळी डोकं दुखलं की काय करत होता?

उत्तर एकच आलं. सहाणेवर सुंठ उगाळायची, कोमट लेप कपाळावर, वरून फडकं करकचून बांधायचं. आणि मग? मग जातं, पाणी, भाकरी. आडवं हो म्हणणारं कुणी नव्हतं.

पुढे बाम आला. १८९३ साली मूळ आंध्रच्या काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजन काढलं. गाण्याच्या बैठकींत ते फुकट वाटायचे, असं सांगतात. १८९९ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने ऍस्पिरिन बाजारात आणलं आणि डोकेदुखीवर गोळी घ्यायची सवय जगभर पसरली. आता ती किराणा दुकानातही मिळते.

ताणाची डोकेदुखी दोन्ही बाजूंनी, पट्टा आवळल्यासारखी असते. मान-खांदे आखडतात. उपास, अपुरी झोप, कमी पाणी, दिवसभर वाकून खुरपणं, घरची काळजी, सगळं त्यात येतं. पाणी प्यावं, वेळेवर खावं, मानेला कोमट शेक द्यावा, अर्धा तास अंधारात पडावं. हा अर्धा तासच आम्हाला सगळ्यात महाग पडतो! लेप-बामाने बरं वाटत असेल तर लावा, फक्त डोळ्यांपासून दूर.

गोळीचं मात्र वेगळं आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक घेतली, तर गोळीनेच डोकं दुखू लागतं. मिश्र औषधांच्या गोळीला १० दिवसही पुरतात. आमच्या ताईचं तेच झालं होतं, डॉक्टरांनी सांगितलं.

एकाएकी भयंकर दुखलं, तापासोबत मान ताठली, हात-पाय लुळे पडले, बोबडी वळली, किंवा गरोदरपणात डोकं दुखून नजर धूसर झाली, तर घरी लेप लावत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

ताई आता गोळ्या खाल्लेल्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारते. या महिन्यात सहा फुल्या आहेत.