निळा, काळा, पांढरा

राज्य आधी आणि ध्वज नंतर, असा सर्वसाधारण क्रम. बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियात तो उलटा झाला. या चिमुकल्या देशाची लोकसंख्या आजही चौदा लाखांच्या आतच आहे. परंतु त्याच्या ध्वजाचे वय त्याच्या राज्यापेक्षा चौतीस वर्षांनी अधिक आहे.

एकोणिसाव्या शतकात तेथे राज्य रशियाच्या झारचे होते, जमीन जर्मन सरदारांची होती, आणि एस्टोनियन हा बहुधा शेतात राबणारा माणूस होता. टार्टूच्या विद्यापीठातही विद्या जर्मन भाषेतूनच मिळे. तेथील मूठभर एस्टोनियन विद्यार्थ्यांनी १८८१ मध्ये आपल्या मंडळासाठी निळा, काळा व पांढरा हे रंग निवडले. स्त्रियांनी रेशमी ध्वज शिवून दिला, आणि ४ जून १८८४ रोजी टार्टूपासून दूर, ओटेपे येथील धर्मोपदेशकाच्या निवासात त्याला आशीर्वाद देण्यात आला. निळा म्हणजे आकाश, काळा म्हणजे भूमी, पांढरा म्हणजे हिम, असे अर्थ पुढे सांगितले गेले. मला वाटते, ध्वज प्रिय झाल्यावर असे अर्थ आपोआपच सुचतात.

२४ फेब्रुवारी १९१८ रोजी स्वातंत्र्य घोषित झाले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला राजधानी टालिनमधील ‘उंच हेरमन’ बुरुजावर हा ध्वज चढला. कायद्याने तो राष्ट्रध्वज ठरला १९२२ साली. लोकांनी केव्हाच मान्य केलेल्या गोष्टीवर सरकारी शिक्का उशिरा उमटतो, हे आपणां कचेरीतल्या मंडळींना नवे नाही!

१९४० च्या जूनमध्ये सोव्हिएत सेना आल्या आणि बुरुजावरून ध्वज उतरला. १९४१ मध्ये जर्मन आले. १९४४ च्या सप्टेंबरात ते माघार घेत असता एस्टोनियनांनी तो पुन्हा उभारला. पण २२ तारखेस सोव्हिएत सैन्याने टालिन घेतले. पुढे हे तीन रंग बाळगणे हाच अपराध झाला. २४ फेब्रुवारी १९८९ रोजी, देश अद्याप सोव्हिएत संघात असतानाच, ध्वज बुरुजावर परतला. स्वातंत्र्य आले २० ऑगस्ट १९९१ ला.

आणि १८८४ चा तो मूळ रेशमी ध्वज? १९४३ मध्ये मंडळाच्या सदस्यांनी तो योगेवा भागातील एका शेतघरात धुराड्यामागे दडवला होता. राजवट बदलली, पण धुराड्याने गुपित फोडले नाही. स्वातंत्र्यानंतर तो बाहेर काढण्यात आला. आता तो टार्टूच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात आहे.