नाव झाकून

मी आयुष्यात वाइनचे एकूण पाच घोट घेतले आणि त्यातले चार थुंकून टाकले. हे वाचून माझे जुने विद्यार्थी दचकतील, म्हणून खुलासा आधीच करतो. काही वर्षांपूर्वी बहिणीकडे नाशिकला गेलो होतो. भाच्याचा एक मित्र वाइनच्या कारखान्यात कामाला आहे. "मामा, तुम्ही इतिहास-भूगोल शिकवलात, एकदा बघा तरी," असं म्हणून भाचा मला तिथं घेऊन गेला. पारशिवनीच्या माणसाला दारू म्हटली की मोहाची आठवते, आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदी. तेव्हा मी जरा अंग चोरूनच बसलो होतो.

टेबलावर पाच ग्लास. मागे पाच बाटल्या, प्रत्येक बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळलेलं. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून आधी रंग बघायचा. कोवळी लाल वाइन जांभळट दिसते, वय झालं की कडेला विटकरी झाक येते. मग वास. मग छोटा घोट, तो तोंडात सगळीकडे फिरवायचा आणि बाजूच्या भांड्यात थुंकायचा. आंबटपणा किती, तुरटपणा किती, चव जिभेवर किती वेळ राहते, हे कागदावर लिहायचं आणि गुण द्यायचे. तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते, तसाच तो. शेवटचा घोट मी गिळला, कारण थुंकणं मला अन्नाचा अपमान वाटू लागलं होतं.

"बाटल्या झाकल्या कशाला?" मी विचारलं.

"मामा, पेपर तपासण्यासारखंच आहे हे. नाव दिसलं की गुण बदलतात."

छत्तीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला हे वाक्य चांगलंच लागलं. घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता ध्यानात आलं, की या चवीच्या परीक्षेला मोठा इतिहास आहे आणि त्यातलं बरंचसं फ्रान्समधल्या बोर्दो या एका परिसरात घडलं आहे.

बोर्दो फ्रान्सच्या नैऋत्येला, गारोन नदीच्या काठी. पुढे गारोनला दोर्दोन्य मिळते आणि दोघींची रुंद खाडी समुद्राला जाते. खाडीच्या डाव्या तीरावर गोट्यांची, पाणी न धरणारी जमीन. तिथं काबर्ने सोव्हिन्यों हे उशिरा पिकणारं द्राक्ष. उजव्या तीराकडे चिकणमाती जास्त; तिथं लवकर पिकणाऱ्या मेर्लोचं राज्य. ११५२ साली या मुलखाची वारसदार एलिनॉर हिनं हेन्रीशी लग्न केलं. दोनच वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला आणि पुढची तीनशे वर्षं, १४५३ पर्यंत, हा मुलूख इंग्रजांकडे राहिला. तेव्हापासून बोर्दोची लाल वाइन म्हणजे इंग्रजांच्या जेवणाचा भाग.

आता पहिला निकाल. १८५५ साली पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळानं दलालांच्या संघटनेकडे उत्तम लाल वाइनची यादी मागितली. दलालांनी १८ एप्रिलला ती दिली. पाच श्रेण्या, पहिल्या श्रेणीत लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों हे चार मळे. (आपल्या लातूरशी त्याचा संबंध नाही, पण वाचताना मलाही हसू आलं.) गंमत म्हणजे ही यादी चव घेऊन केलेली नव्हती. कोणत्या मळ्याच्या मालाला वर्षानुवर्षं काय भाव मिळतो, ते बघून केली होती. दलालांचं तरी काय चुकलं म्हणा! भाव हा पुष्कळ जिभांचा एकत्रित निकाल असतो. पण एकदा श्रेणी कागदावर आली की भाव तिच्या मागे धावू लागतो. ती यादी आजही चालते. पहिल्या श्रेणीत बदल झाला तो एकदाच: दुसऱ्या श्रेणीतल्या मूतों-रोथशिल्डला १९७३ साली वर घेतलं. त्यासाठी त्या मळ्याच्या मालकानं काही दशकं खटपट केली. पहिलीत पडलेला शेरा दहावीपर्यंत पाठ सोडत नाही, तो प्रकार शाळेतच असतो असं नाही.

मळ्याचं नाव कायम, पण दर वर्षीचा माल सारखा नसतो. म्हणून बाटलीवर साल लिहितात. आम्ही शिक्षक 'सत्याऐंशीची बॅच' म्हणतो ना, तसंच. बोर्दोचं हवामान समुद्राचं, लहरी. एप्रिलमध्ये हिमदव पडला तर कोंब जळतात. १९९१ साली तसंच झालं. जूनमध्ये फुलोऱ्याच्या वेळी थंडी-पाऊस झाला तर मणी धरत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर रस पातळ होतो. १९५६ च्या फेब्रुवारीत तर अशी थंडी पडली की कितीतरी वेलीच मेल्या. उलट १९४५, १९६१, १९८२ ही सालं तिथले लोक आजही आदरानं उच्चारतात. त्यातही मेख अशी, की चांगल्या सालची वाइन कोवळेपणी पुष्कळदा कडक, तुरट लागते. हा तुरटपणाच तिला पुढची वीस-तीस वर्षं तगवतो आणि हळूहळू मऊ होतो. पहिल्या दिवशी गोड लागणारी वाइन लांबवर जाईलच असं नाही.

असं असूनही निकालाची घाई आहेच. तोडणीनंतरच्या वसंतात, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांनी, वाइन अजून पिंपात असतानाच जाणकार तिची चव घेतात, गुण देतात आणि त्या गुणांवर सौदे होतात. सहामाहीच्या गुणांवर मुलाची नोकरी ठरवावी, तसं हे. मात्र जाणकाराचा अंदाज खरा ठरतोही. अमेरिकेतला रॉबर्ट पार्कर हा पेशानं वकील. त्यानं १९७८ साली स्वतःचं पत्रक काढलं. १९८२ च्या बोर्दोबद्दल काही जण साशंक असताना त्यानं ठासून सांगितलं, की हे थोर साल आहे. ते खरं ठरलं आणि त्याचा शब्द बाजारात चालू लागला. त्याची गुणपद्धत शंभराची, पण सुरुवात पन्नासापासून. नुसतं पेपरला बसल्याबद्दल पन्नास गुण! आमच्या मुलांना हे कळलं असतं तर त्यांनी त्याची मिरवणूक काढली असती.

माझ्या मनात घर केलं ते २४ मे १९७६ च्या परीक्षेनं. स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाइन-व्यापाऱ्यानं ती पॅरिसमध्ये घेतली. लाल वाइनच्या फेरीत दहा बाटल्या: चार बोर्दोच्या, त्यात १९७० ची मूतों आणि १९७० ची ओ-ब्रियों, आणि सहा कॅलिफोर्नियाच्या. ज्यांचे गुण धरले ते नऊही परीक्षक फ्रेंच, त्या क्षेत्रातली मोठी माणसं. गुण वीसपैकी, नावं झाकलेली. निकाल लागला तेव्हा पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, १९७३ सालची. सांगतात, की एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. मला त्या बाईंची कीव येते, कारण त्यांची भीती मी ओळखतो. पेपर कसा आहे हे आपल्याला कळतं, असा आपला समज असतो. तो समजच त्या कागदावर उघडा पडलेला असतो.

फ्रेंचांनी तक्रार केली, की आमची वाइन उशिरा खुलते, थांबा आणि मग बघा. तक्रार रास्त होती. म्हणून बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच सालांच्या त्याच वाइन लंडनला आणि कॅलिफोर्नियात नापा इथं पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्याच आल्या. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. या वेळी पहिली आलेली १९७१ ची रिज माँटे बेलो १९७६ मध्ये पाचवी होती. म्हणजे नाव झाकूनही पहिला निकाल शेवटचा नव्हता. झाकल्यानं पक्षपात जातो, पण वेळ लागायचा तो लागतोच.

आणि नाव झाकलं तरी डोळे उघडेच असतात. २००१ साली बोर्दोच्याच संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, पण तिच्यात बिनवासाचा लाल रंग मिसळून. मुलांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनसाठी वापरायच्या शब्दांत केलं. नाकानं डोळ्याचं ऐकलं होतं.

आपल्या नाशिकच्या वाइनला हा इतका मागचा इतिहास नाही. नारायणगावला शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच मदतीनं फसफसती वाइन काढली. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि मग मळे वाढले. बोर्दोचं काबर्ने सोव्हिन्यों इथंही लावलं जातं, पण त्याचं वर्षच वेगळं. इथं वेल झोपत नाही, म्हणून छाटणी दोनदा: एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पावसाळा संपताना फळ छाटणी. तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे बोर्दोत वेली उघड्या पडलेल्या असतात तेव्हा इथं घड उतरत असतात. अवकाळी पाऊस आणि गारपीट हे इथले शत्रू. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. शंभर वर्षांच्या बाटल्या तळघरात नाहीत, तुलनेला आजोबा-पणजोबा नाहीत. घरातलं पहिलंच मूल शाळेत आलेलं असावं, तशी ही वाइन. तिला तपासणारा बोर्दोचं नाव मनात ठेवून तपासतो.

हे लिहिता लिहिता मला माझी पत्र्याची पेटी आठवली. सेवानिवृत्त होताना शाळेतून काही गठ्ठे घरी आले होते. पैकी एक १९८७-८८ च्या नववीच्या घटक चाचणीचा. पुढच्या मुलांना नमुना दाखवायला ठेवला आणि राहून गेला. बोर्डाच्या पेपरात मुलाचं नाव नसतं. शाळेच्या चाचणीत ते सगळ्यात वर असतं, आणि बाप कोण, टोला कोणता, हे गावातल्या शिक्षकाला नावातच दिसतं. मी ठरवलं, आपण आपली १९७६ करायची. पण अक्षर कसं झाकणार? मग हिला म्हटलं, तू उत्तरं मोठ्यानं वाच, नाव सांगू नकोस, मी गुण देतो.

एकवीस पेपर, पंचवीस गुणांचे. तीन संध्याकाळी गेल्या. बहुतेकांत एक-दोन गुणांचा फरक पडला आणि मी सुखावत होतो. मग तिनं फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांचं एक उत्तर वाचलं. मुलानं लिहिलं होतं, की राजानं मिठावर कर बसवला. आमच्या आजीची मोहफुलांची टोपली कुणी अडवली तर ती दिवसभर जेवत नाही. मीठ तर मोहापेक्षा रोजचं, म्हणून तिकडच्या लोकांना किती राग आला असेल.

मी सतरा गुण दिले. ती काही बोलली नाही, पेपर माझ्यापुढे ठेवला. शाई सांडलेली, अक्षर मुंग्यांसारखं, त्या टोपलीच्या ओळीवर माझी लाल रेघ आणि समासात माझ्याच वळणदार अक्षरात शेरा: 'विषयांतर'. गुण आठ. पास व्हायला नऊ लागत होते.

मुलगा जंगलाकडच्या टोल्यावरचा. त्या वर्षी तो दोन विषयांत नापास झाला, त्यातला एक माझा. दुसऱ्या वर्षी शाळेत आला नाही. आठाचे नऊ झाले असते तर सगळं बदललं असतं, असं मी म्हणणार नाही. चाचणी एकच होती, आणि घरी पोटाचा प्रश्न होता. पण एवढं नक्की, की त्या वर्गात राज्यक्रांती कुणाला कळली असेल तर त्याला. इतरांनी गाइडमधलं लिहिलं होतं आणि त्या ओळखीच्या चवीला मी गुण दिले होते.

तो आता पन्नाशीत आहे. बाजाराच्या दिवशी भेटतो, वाकून नमस्कार करतो. मागच्या महिन्यात पेपर पिशवीत घालून गेलो आणि त्याला दिला. त्यानं चष्मा शोधला, सावकाश वाचलं.

"हे मी लिवलं होतं काय, गुरुजी? मले तर आठवतबी नाही."

मी म्हटलं, "आठ चुकीचे होते. सतरा पाहिजे होते."

तो हसला. "आता काय करता त्या मार्काचं?" असं म्हणाला. पण पेपर परत दिला नाही. चार घड्या करून खिशात ठेवला आणि आजीचं नाव घेऊन म्हणाला, ती खरंच जेवत नव्हती.

पेटीत अजून तीन गठ्ठे आहेत. हिचा घसा बसलाय, तो बरा झाला की पुढचा काढू.