संगणकीय आज्ञावलींचे स्थानांतर

एका प्रकारच्या संगणकासाठी किंवा एका प्रचालन प्रणालीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर वा प्रणालीवर चालावी म्हणून तिच्यात जे बदल करावे लागतात, त्यांस आज्ञावलीचे स्थानांतर म्हणतात. यंत्राच्या अंतर्गत रचनेशी आज्ञावली जितकी कमी जखडलेली असेल, तितके हे काम सुकर होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७३ मध्ये युनिक्स ही प्रचालन प्रणाली सी भाषेत पुन्हा लिहिण्यात आली. त्यामुळेच १९७७ च्या सुमारास ती पीडीपी–११ या संगणकावरून इंटरडेटा या निराळ्या घडणीच्या संगणकांवर नेता आली. मराठीत मात्र खरी अडचण आज्ञावलीची नव्हती, तर तिच्यात साठविलेल्या मजकुराची होती. आज्ञावली नव्याने लिहिता येते. परंतु लाखो खातेदारांच्या नोंदी पुन्हा रचता येत नाहीत, त्या जशाच्या तशा उचलून न्याव्या लागतात.

भूमिअभिलेख हे याचे ठळक उदाहरण होय. त्यासाठी जालना जिल्ह्यातील एखादे गाव डोळ्यांसमोर ठेवल्यास विषय स्पष्ट होतो. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांच्या भागांतून निर्माण झाला. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्याने येथील महसुली दप्तराची भाषा उर्दू, कालगणना फसली आणि गावकामगारांचे लेखन पुष्कळदा मोडीत असे. पुढे १९५४–५५ चे खासरा पत्रक तयार झाले आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये गाव नमुना सात व बारा राज्यभर एकसारखे झाले. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत, एका नमुन्यातून दुसऱ्या नमुन्यात नोंद नेण्याचा अनुभव तलाठी दप्तराला संगणकापूर्वीच आलेला होता.

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८–८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. त्या काळच्या डॉस प्रणालीला देवनागरी ठाऊक नव्हती. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत विकसित झालेले आणि १९८८ पासून पुण्याच्या सी–डॅक संस्थेने पुढे नेलेले ‘जिस्ट’ हे तंत्र यावर चतुर उपाय ठरले. संगणकात एक जादा कार्ड बसविले, की इंग्रजीसाठी लिहिलेली आज्ञावली जवळजवळ न बदलता देवनागरीत चाले. अक्षरे पडद्यावर उमटविण्याचे काम ते कार्ड करी. आज्ञावलीचे स्थानांतर करण्याऐवजी तिच्या खालचे यंत्रच बदलण्याचा हा प्रकार होता. साठवणीसाठी इस्की ही संकेतप्रणाली वापरीत. ती १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाली. तीत अक्षरे उच्चारक्रमाने साठवीत असल्याने मजकूर दृश्य आकारापासून मुक्त राही.

विंडोज प्रणाली आल्यावर हे टिकले नाही. पडद्यावरील अक्षर आता प्रणाली स्वतःच रेखाटू लागल्याने कार्ड निरुपयोगी झाले. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, अर्धी अक्षरे, बसविलेले टंकसंच प्रचारात आले. प्रत्येक निर्मात्याचा क्रम वेगळा असे आणि साठवण दिसण्याच्या क्रमाने होई. घनसावंगी तालुक्यातील ‘तीर्थपुरी’ या नावातील रफार ‘थ’च्या नंतर साठविला जाई, उच्चारात तो आधी येतो. ‘पिंपळगाव’मधील ऱ्हस्व वेलांटी ‘प’च्या आधी बसे. जाफ्राबाद तालुक्यातील ‘टेंभुर्णी’च्या शेवटच्या अक्षरासाठी काही संचांत रफार व वेलांटीचे मिळून एकच चिन्ह असे. टंकसंच बदलला, की सारा मजकूर निरर्थक दिसे. सोयीसाठी पत्करलेली ही पद्धत, प्रस्तुत लेखकाच्या मते, मराठी संगणनाला सर्वांत महाग पडली.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीतील देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. विंडोज २००० पासून तो त्या प्रणालीत वापरता येऊ लागला. इस्कीतून युनिकोडमध्ये जाणे त्यामुळे बरेच सरळ असले, तरी पूर्णपणे नव्हे. इस्कीत पाय मोडलेले अक्षर तसेच दाखविण्यासाठी हलन्त दोनदा देत. युनिकोडमध्ये त्यासाठी हलन्तानंतर एक अदृश्य विभाजक चिन्ह द्यावे लागते. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. दोन्हीही डोळ्यांना एकच दिसतात, शोध घेणाऱ्या आज्ञावलीला मात्र ती दोन भिन्न नावे वाटू शकतात. वारसाची नोंद शोधणाऱ्या खातेदाराला हा भेद समजण्याचे कारण नाही; त्याला केवळ नाव सापडले नाही, एवढेच कळते.

तालुक्यांच्या संगणकांवर साठलेल्या नोंदी पुढे ई–फेरफार या राज्यव्यापी प्रणालीत नेण्यात आल्या. रूपांतर यंत्राने झाले, तरी पडताळणी यंत्रावर सोडता येत नव्हती. म्हणून हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा ताडून पाहण्यात आले आणि २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. गावकऱ्यांसमोर संगणकातील नोंद मोठ्याने वाचावयाची आणि चूक असल्यास ती ज्याची त्याने सांगावयाची, असे तिचे स्वरूप होते. गाळलेले नाव किंवा बदललेले क्षेत्र वाचून दाखविल्यावर ज्याची जमीन त्याच्या लक्षात चटकन येते.

निजामकालीन कागद या साखळीच्या बाहेर राहिले. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील उपोषणानंतर, मराठवाड्यातील जुन्या दप्तरांत ‘कुणबी’ अशा नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली. तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची निकड भासली. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळालेले होते. परंतु संकेत ठरले म्हणून कागदावरची शाई आपोआप अक्षर होत नाही. कागदाची प्रतिमा संगणकात घेतली, तरी तीवरील नाव कोणीतरी वाचून लिहिल्याशिवाय आज्ञावलीला ते शोधता येत नाही.