रशलाइट

रशलाइट ही ब्रिटन व आयर्लंडच्या ग्रामीण भागात एकोणिसाव्या शतकापर्यंत सर्रास वापरली जाणारी दिव्याची काडी होय. रश या पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीचा देठ सोलून, वाळवून व वितळलेल्या चरबीत बुडवून ती तयार केली जाते. तिला पणतीसारखे भांडे लागत नाही आणि वेगळी वातही लागत नाही. देठातील मऊ, सच्छिद्र गाभा हीच वात आणि त्यात मुरून थिजलेली चरबी हेच इंधन. मेणबत्ती विकत घेणे न परवडणाऱ्या कुटुंबांचे हिवाळ्यातील संध्याकाळचे काम, स्वयंपाक व जेवण कित्येक पिढ्या याच उजेडात होत असे.

वनस्पती

या कामासाठी प्रामुख्याने मऊ रश (शास्त्रीय नाव : जंकस इफ्यूजस) वापरला जातो. ओलसर कुरणे, ओढ्यांचे काठ, कुंपणांखालचे चर अशा ठिकाणी त्याची दाट हिरवी बेटे आढळतात. देठ गोल, गुळगुळीत व पानांविना सरळ वाढलेला असतो. मराठीत अशा गवतवजा वनस्पतींना सरसकट ‘लव्हाळा’ म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि तुकारामांच्या अभंगामुळे परिचित असलेला लव्हाळा मोथ्याच्या कुळातील असून त्याचा देठ त्रिकोणी असतो. रशचे कूळ निराळे आहे, म्हणून येथे मूळ नावच वापरले आहे.

देठाच्या आत पांढरा, हलका गाभा असतो. बाशिंगे करण्यासाठी वापरले जाणारे भेंड ज्यांनी हाताळले आहे, त्यांना त्याची कल्पना चटकन येईल. मऊ रशमध्ये हा गाभा बुडापासून शेंड्यापर्यंत सलग असतो. त्याच परिसरात वाढणारा कठीण रश (जंकस इन्फ्लेक्सस) निळसर व उभ्या रेघांचा असतो. त्याचा गाभा जागोजागी तुटलेला असल्यामुळे तो वातीच्या उपयोगाचा नाही. शंका आल्यास एक देठ उभा चिरून पाहणे हा सोपा उपाय होय.

चीन व जपानमध्येही याच वनस्पतीचा गाभा तेलाच्या दिव्यात वात म्हणून वापरला जात असे. दोन्ही देशांत प्रचलित असलेल्या तिच्या एका नावाचा अर्थच ‘दिव्याच्या वातीचे गवत’ असा आहे. जपानमधील तातामी चटयाही तिच्याच देठांपासून विणतात.

गोळा करणे व सोलणे

रशलाइटचे सर्वांत तपशीलवार वर्णन गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) या निसर्गनिरीक्षक धर्मोपदेशकाने केले आहे. हँपशर परगण्यातील सेल्बोर्न या आपल्या गावाविषयीच्या, १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डेन्स बॅरिंग्टन यांना उद्देशून लिहिलेले १ नोव्हेंबर १७७५ चे एक पत्र आहे. ते जवळजवळ संपूर्णपणे याच विषयाला वाहिलेले आहे.

व्हाइटच्या मते देठ ऐन उन्हाळ्यात उत्तम स्थितीत असतात. मात्र शरद ऋतूपर्यंत कापलेलेही चालतात. जितका लांब व जाड देठ, तितका चांगला. हे काम थकलेले मजूर, स्त्रिया व मुले करीत. कापल्याबरोबर देठ पाण्यात टाकावे लागतात. नाहीतर ते सुकून आक्रसतात आणि साल सुटत नाही. सोलताना सगळी साल काढायची नसते. बुडापासून शेंड्यापर्यंत एक अरुंद, सारख्या रुंदीची पट्टी ठेवायची असते. ही पट्टी नाजूक गाभ्याचा कणा होय. ती नसेल तर गाभा हातातच मोडतो, आणि ती जास्त रुंद राहिली तर ज्योत मंदावते. नवशिक्याला हे साधत नाही. सरावाने मात्र लहान मुलांनाही जमते. पूर्णपणे अंध असलेली एक वृद्धा हे काम झपाट्याने व क्वचितच चुकता करीत असल्याचे व्हाइटने नमूद केले आहे. या कामात डोळ्यांपेक्षा बोटांचे शिक्षण महत्त्वाचे, हे त्यावरून दिसते.

सोललेले देठ काही रात्री गवतावर पसरून दवात ठेवीत आणि नंतर उन्हात वाळवीत. त्यामुळे त्यांना पांढरेपणा येई.

चरबी

वाळलेले देठ कढत चरबीतून काढले जात. त्यासाठी होडीच्या आकाराचे, पाय व दांडा असलेले लांबट लोखंडी पात्र असे. त्याला ग्रिसेट म्हणत. पात्र लांबट असल्यामुळे अखंड देठ आडवा बुडे व थोडक्या चरबीत काम भागे. काटकसरी गृहिणी बेकन शिजवताना वर येणारा तवंग साठवून ठेवी, म्हणजे चरबी फुकटच पडे. त्यात मीठ अधिक असेल तर ती कोमट भट्टीत ठेवून मीठ तळाशी बसू देत. मधमाश्या पाळणारे चरबीत थोडे मेण मिसळीत. मेंढीच्या चरबीचाही तोच उपयोग होई. दोहोंमुळे काडी घट्ट होते व जास्त वेळ जळते.

जाळणे

काडी पकडण्यासाठी लोहार सांडशीसारखा चिमटा घडवीत. त्याची एक बाजू वजनाने आपोआप मिटे, आणि खालचे टोक लाकडाच्या ठोकळ्यात बसवलेले असे. काडी त्यात तिरकी धरून, ज्योत चिमट्याजवळ येईल तशी पुढे सरकवावी लागे. गर्ट्रूड जेकिल यांच्या ‘ओल्ड वेस्ट सरे’ (१९०४) या पुस्तकात या साधनांची छायाचित्रे आहेत, आणि नवी काडी लावण्याचे काम घरातील मुलाकडे असल्याची आठवणही तेथे नोंदलेली आहे.

दोन फूट साडेचार इंच (सुमारे ७२ सेंटिमीटर) लांबीची एक काडी व्हाइटने घड्याळ लावून जाळून पाहिली; ती ५७ मिनिटे जळली. याहून लांब काडी सव्वा तास टिकल्याचेही तो सांगतो.

रशचीच वात असलेली, पण चरबीचा जाड थर चढवलेली मेणबत्ती हा निराळा प्रकार होय. तिच्या वातीवर सालीच्या दोन पट्ट्या ठेवीत, त्यामुळे ती मंद व दीर्घकाळ जळे. आजाऱ्याच्या खोलीत ती रात्रभर तेवत ठेवीत. चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीत पिपला खाणावळीत मिळालेला, भोकांच्या पत्र्याच्या नळकांड्यातील दिवा तो हाच.

खर्चाचा हिशेब

एक पौंड (सुमारे ४५४ ग्रॅम) वाळलेल्या देठांत व्हाइटला १,६०० हून अधिक देठ मिळाले. या देठांची किंमत एक शिलिंग. ते बुडवण्यासाठी सहा पौंड चरबी लागे. चार पेन्स दराने तिचे दोन शिलिंग होत. म्हणजे एकूण खर्च तीन शिलिंग. प्रत्येक काडी सरासरी अर्धा तास जळते असे धरल्यास ८०० तास उजेड मिळे, अर्थात एका फार्दिंगला (पाव पेनीला) साडेपाच तास. उन्हाळ्याच्या लांब दिवसांत कष्टकरी माणसे दिवा लावीतच नसत. त्यामुळे दीड पौंड देठ एका कुटुंबाला वर्षभर पुरत, असे एका अनुभवी गृहस्थाने व्हाइटला सांगितले होते.

याउलट अगदी गरीब लोक रोज संध्याकाळी अर्ध्या पेनीची मेणबत्ती आणीत. वारा खेळणाऱ्या त्यांच्या घरात ती दोन तासांहून फारशी जास्त टिकत नसे. त्याच पैशांत रशलाइटचा ११ तास उजेड मिळाला असता. व्हाइट याचे कारण गरिबांच्या हिशेबशून्यतेत शोधतो, आणि म्हणूनच ते गरीब राहतात असे म्हणतो. त्याचे आकडे अचूक आहेत. निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा. फुकट चरबी मिळण्यासाठी घरी डुक्कर किंवा निदान बेकन शिजणारे भांडे हवे. देठ स्वतः गोळा करायचे तर उन्हाळ्यातील मोकळे दिवस आणि जाता येईल असे कुरण हवे. तयार साहित्य घ्यायचे तर तीन शिलिंग एकरकमी हवेत, आणि त्या काळी शेतमजुराची आठवड्याची मजुरी दहा शिलिंगांच्याही आत असे. रोज अर्धी पेनी खर्चणाऱ्या माणसापाशी बहुधा रोज अर्धी पेनीच असते.

विल्यम कॉबेट याने ‘कॉटेज इकॉनॉमी’ (१८२२) या पुस्तकात हाच विषय स्वानुभवातून मांडला आहे. सरे परगण्यातील फार्नम येथे तो रशलाइटच्या उजेडात वाढला. जवळजवळ नव्वद वर्षे जगलेल्या आपल्या आजीने घरात कधी मेणबत्ती लावली नसावी, असे तो लिहितो. तयार काड्या झाडाच्या सालीच्या पन्हळीत घालून ती भिंतीला टांगून ठेवीत, हा तपशीलही त्याचाच.

मेणबत्तीवरील कर

ब्रिटिश संसदेने १७०९ साली मेणबत्त्यांवर कर बसवला आणि परवान्याविना घरी मेणबत्त्या करण्यास मनाई केली. स्वतःच्या घरी वापरण्यासाठी, एकदाच चरबीतून काढलेल्या रशलाइटना मात्र सूट होती. हा कर १८३१ मध्ये रद्द झाला. मेणबत्ती व रशलाइट यांच्या किमतींतील तफावतीमागे हा कर हे एक कारण होते.

ऱ्हास व सद्यस्थिती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त पॅराफिन मेणबत्त्या व खनिज तेलाचे दिवे आल्यावर रशलाइट मागे पडली. चिमटे आणि ग्रिसेट आता संग्रहालयांत पाहायला मिळतात. बोटांतले कौशल्य थोड्या हौशी मंडळींनी टिकवले आहे. रानवाटांवर फिरताना देठ कापून आणून घरी काड्या करणारे लोक आजही तेथे आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार रानटी वनस्पतींची पाने-फुले विक्रीच्या हेतूविना तोडणे ही चोरी ठरत नाही. परंतु १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीविना कोणतीही रानटी वनस्पती मुळासकट उपटता येत नाही. रशच्या बाबतीत उपटण्याची गरजही नसते. देठ बुडाशी कात्रीने कापल्यास बेटाला पुन्हा फुटवे येतात.