दोन सेलची गाडी

परवा शनिवारी बऱ्याच दिवसांनी मंडईत गेलो. तेही मेट्रोने, एकदम थाटात! (२०२४ च्या सप्टेंबरपासून मंडईला भुयारी स्टेशन झालंय. गाडी कुठे लावायची हा अस्सल पुणेरी प्रश्न तेवढ्यापुरता तरी सुटला.) यादी भाजीची होती, पण पाय आपोआप तपकीर गल्लीकडे वळले. तिथे एका दुकानात दोन पोरं बारा व्होल्टच्या मोटरवरून घासाघीस करत उभी होती. झालं, मी थेट २००८ मध्ये!

त्या वर्षी मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलेजच्या रोबोकॉन टीममध्ये होतो. मोटर, रिले, वायरी तपकीर गल्लीतून, नटबोल्ट बोहरी आळीतून, मग ती जड सॅक पाठीवर घेऊन मंडईत अमृततुल्यचा चहा, हा आमचा ठरलेला रूट. आईने सांगितलेली मेथी मात्र हमखास विसरायची.

रोबोकॉन म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबोट स्पर्धा. दरवर्षी वेगळा देश यजमान, आणि विषयही त्यानेच द्यायचा. २००८ ची फायनल पुण्यात, बालेवाडीला होती आणि विषय होता 'गोविंदा'. चक्क दहीहंडी! रोबोटने तीन मिनिटांत उंचावरच्या हंड्यांमधलं लोणी मिळवायचं. शेवटी लोणी पळवलं ते चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाने. आम्ही त्याआधीच्या राष्ट्रीय फेरीतच गारद झालो होतो. लॅबमध्ये पांढऱ्या पट्टीवरून सुतासारखा सरळ चालणारा आमचा रोबोट मैदानावर झिंगल्यासारखा भरकटला. पट्टी ओळखणारे सेन्सर आम्ही लॅबच्या ट्यूबलाइटखाली सेट केले होते. स्टेडियमच्या प्रखर दिव्यांत त्यांना पट्टी कुठली आणि जमीन कुठली हेच कळेना! वर दोन विषयांत केटी लागली. बाबा एवढंच म्हणाले, "एवढा खटाटोप करून मिळालं काय?" मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर सापडलं ते पुढे कितीतरी वर्षांनी, एका जपानी प्रोफेसरांबद्दल वाचताना. नाव मासाहिरो मोरी. (हसू नका, जपानीत मोरी म्हणजे वन.) जन्म १९२७ चा. तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ते शिकवायचे. तुमच्यातल्या गेमिंग-ॲनिमेशनवाल्यांनी 'अनकॅनी व्हॅली' हा शब्द ऐकला असेल, ती कल्पना यांचीच. १९७० मध्ये त्यांनी एक छोटासा लेख लिहिला. रोबोट जसजसा माणसासारखा दिसू लागतो तसतसा तो आपल्याला आवडत जातो. पण अगदी हुबेहूब होण्याच्या जरा अलीकडे ती आवड एकदम दरीत कोसळते आणि अंगावर काटा येतो. त्यांनी उदाहरण दिलं होतं कृत्रिम हाताचं. दिसतो अगदी खरा, पण शेकहँड केला की गारढोण. आपल्याकडचं उदाहरण हवं तर दुकानं बंद झाल्यावर लक्ष्मी रोडने चालत या आणि काचेआडच्या साडी नेसलेल्या पुतळ्यांकडे बघा! त्या लेखाकडे बरीच वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. अधिकृत इंग्रजी भाषांतर यायला २०१२ साल उजाडलं.

पण मला जास्त भावले ते वर्गातले मोरी सर. संशोधन, नाव सगळं होतं, पण समोर बसलेल्या पोरांच्या डोळ्यांत चमक दिसेना. मग १९८१ मध्ये त्यांनी मुलांना दोन साधे सेल दिले, आपण टॉर्चमध्ये घालायचो तसले, आणि सांगितलं की एवढ्यावर माणूस बसून जाईल अशी गाडी बनवा. विचार करा, दोन सेल म्हणजे जेमतेम तीन व्होल्ट! तिथे नुसती ताकद लावून भागत नाही. वजन घटवा, घर्षण कमी करा, गिअर बदला, मोडा, परत जोडा. पोरं तहानभूक विसरून कामाला लागली.

पुढे १९८८ मध्ये एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने टेक्निकल कॉलेजांसाठी अशीच स्पर्धा सुरू केली. १९९१ पासून विद्यापीठं आली आणि २००२ मध्ये ती आशियाभर गेली. गंमत म्हणजे सर १९८७ लाच निवृत्त झाले होते. त्यांचं म्हणणं असं की रोबोट तयार होणं दुय्यम, तो बनवताना माणूस तयार होतो हे महत्त्वाचं.

आता हे हरलेल्यांची समजूत घालायचं वाक्य आहे, असं मलाही आधी वाटलं. पण इतकी वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, मोटरला हातही लावलेला नाही. तरी टीममधलं कुणी "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणालं की मला बालेवाडीचे दिवे आठवतात. जिथे चालवायचंय तिथे जाऊन तपासा, हे मला कुठल्या पेपरने शिकवलं नाही. त्या भरकटलेल्या रोबोटने शिकवलं. मिळालं ते हे.

मोरी सर २०२५ च्या जानेवारीत गेले, वयाच्या ९७ व्या वर्षी. बाबांना ही सगळी गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकून म्हणाले, "बरं. पण त्यासाठी दोन केटी?"

असो. तपकीर गल्लीतल्या त्या पोरांना मी न विचारता सल्ला दिला, सेन्सर मैदानावर जाऊनच सेट करा. "हो काका," म्हणाली. काका!

आणि हो, मेथी परत विसरली.